'सुमो'मधले सुमंत

सुमो म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांना जपानी पैलवान आठवतो. उरलेल्यांना आठवतं ते वडाप, म्हणजे मागच्या आडव्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन केलेला प्रवास. गाडीचं नाव मात्र कुस्तीवरून आलेलं नाही. आपलं कोल्हापूर असल्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे म्हणा. 'सु' म्हणजे सुमंत आणि 'मो' म्हणजे मूळगावकर या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली दोन अक्षरं. 1994 मध्ये टाटांनी ही गाडी बाजारात आणली, तेव्हा सुमंत मूळगावकर जाऊन पाच वर्षं झाली होती.

मेकॅनिकलच्या पोरांना हे नाव कधीतरी कानावरून गेलं असेल. बाकीच्यांना जेआरडी माहीत, रतन टाटा माहीत, मध्ये कोण होतं ते नाही. पण हायवेवर समोरून येणारा 'हॉर्न ओके प्लीज'वाला जुना टाटा ट्रक हा मोठ्या प्रमाणात या माणसाचं काम आहे. त्यांच्याबद्दल सांगायचं तर सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करावी लागेल. भरलेला ट्रक घाट चढताना गिअर नेमका कधी बदलायचा?

कोकणातून चिरा भरून ट्रक निघतो आणि वैभववाडीहून करूळ घाटानं गगनबावड्याला चढतो. डिझेल इंजिनाची गंमत अशी की त्याची खरी ताकद खूप रेस केल्यावर येत नाही. जुन्या सहा सिलिंडरच्या ट्रक इंजिनाची ओढ साधारण 1500 ते 2000 आरपीएमच्या पट्ट्यात सगळ्यात चांगली असते. त्याच्या खाली गेलात की इंजिन कण्हायला लागतं, काळा धूर सोडतं, तापतं. वर गेलात की गव्हर्नर डिझेल तोडतो, म्हणजे पाय दाबून उपयोग नाही. या पट्ट्यात राहायचं तर चढावर योग्य क्षणी खालचा गिअर टाकावा लागतो. एक-दोन सेकंद उशीर झाला की गाडीचा वेग मरतो, मग त्याच्याही खालचा गिअर लागतो, आणि वळणावर ट्रक उभाच राहिला तर क्लीनर दगड घेऊन चाकामागे पळतो.

अमेरिकेत जुन्या डिझेल पिकअप-ट्रकना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असायचे. तिथं हा निर्णय तेलाचा दाब घ्यायचा. गिअरबॉक्सच्या आत एक गव्हर्नर असतो, गाडीचा वेग वाढला की त्याचा दाब वाढतो. दुसऱ्या बाजूनं अॅक्सिलेटर किती दाबलाय, म्हणजे इंजिनावर किती लोड आहे, त्याचा दाब येतो. एका छोट्या व्हॉल्व्हवर या दोघांची रस्सीखेच चालते. वेग जिंकला की वरचा गिअर पडतो, लोड जिंकला की खालचाच राहतो. हा गिअर पडायचा क्षण पुढे-मागे करायचा असेल तर मेकॅनिक एक केबल थोडी ताणतो किंवा सैल करतो, काही गाड्यांत एक स्क्रू फिरवतो. केबल सैल राहिली तर गिअर लवकर पडतो, इंजिन दबतं, आणि आतला दाब कमी पडून क्लचप्लेटा घसरत घसरत जळतात. जास्त ताणली तर गाडी उगाच बोंबलत राहते आणि डिझेल पिते. डिझेलमध्ये आणखी एक भानगड आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलचं झाकण असतं, त्यामुळे व्हॅक्यूम तयार होतो, आणि त्यावरून गिअरबॉक्सला लोड कळतो. डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते, कमी-जास्त होतं ते फक्त डिझेल. व्हॅक्यूमच नाही, मग लोड कळणार कसा? म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप बसवा, इंजेक्शन पंपावर व्हॉल्व्ह बसवा, असे उद्योग करावे लागायचे.

आपल्याकडे यातलं काही नव्हतं. करूळ घाटात गव्हर्नर म्हणजे ड्रायव्हरचा कान आणि केबल म्हणजे त्याचा पाय. आवाज बदलला की डबल क्लच मारून खालचा गिअर. मूळगावकरांनी ज्या देशासाठी ट्रक बनवले, त्या देशात गिअरबॉक्सचा सगळ्यात महत्त्वाचा पार्ट हा ड्रायव्हर होता, आणि तो कारखान्यात बनत नव्हता. या पार्टबद्दल त्यांना किती कळलं आणि कुठं नाही, हे मला त्यांच्या आयुष्यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं.

त्यांचा जन्म मुंबईचा, 5 मार्च 1906 चा. शिक्षण लंडनच्या इंपीरियल कॉलेजात, मेकॅनिकल इंजिनिअरिंग. परत आल्यावर ते ट्रककडे नाही, सिमेंटकडे गेले. एसीसीत असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं, परदेशातून यंत्रं येणं बंद झालं. तेव्हा सिमेंट कारखान्याची यंत्रसामग्री इथंच बनवायची, या खटाटोपात ते होते. आज 'मेक इन इंडिया'चा लोगो लावून जे बोललं जातं ते तेव्हा नाइलाजानं करावं लागत होतं. बाहेरून येत नाही म्हटल्यावर करणार काय?

जेआरडी टाटांनी 1949 मध्ये त्यांना टेल्कोत घेतलं. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, स्थापना 1945 ची, जमशेदपूरची. नावात लोकोमोटिव्ह आहे, कारण कंपनी सुरू झाली ती रेल्वेची वाफेची इंजिनं बनवायला. गिऱ्हाईक एकच, सरकार. वाफेच्या इंजिनाला पुढं भविष्य नाही हे ओळखून दुसरं काहीतरी हाताशी ठेवणं गरजेचं होतं.

त्या वेळी भारतात ट्रक कसे मिळायचे? परदेशी कंपन्यांचे सुटे भाग खोक्यात भरून यायचे आणि इथं फक्त जोडले जायचे, त्यातही पेट्रोलवरचे बरेच. सरकारनं पन्नाशीच्या सुरुवातीला सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही, इथं बनवायची योजना दाखवा. जनरल मोटर्स आणि फोर्डनं गाशा गुंडाळला. टेल्कोनं 1954 मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडला. लांब नाकाचा, सहा सिलिंडरचा, डिझेलवर चालणारा, पुढे तीन टोकांचा मर्सिडीजचा तारा. जुन्या मराठी सिनेमात डाकू किंवा स्मगलर ज्या ट्रकमधून येतात ना, साधारण तोच.

करार संपायला पंधरा वर्षं होती आणि मूळगावकरांचा सगळा जोर या मुदतीवर होता. एकेक पार्ट जर्मनीहून येणं थांबवून इथं बनवायचा. वाचायला सोपं वाटतं. गिअरबॉक्सचंच घ्या. गिअरचे दात नुसते कापून चालत नाही. पृष्ठभाग कडक हवा आणि आतला गाभा थोडा लवचीक हवा, नाहीतर पहिल्याच घाटात दात तुटतो. त्यासाठी योग्य जातीचं पोलाद, योग्य भट्टी, योग्य तापमान आणि ते दर वेळी तसंच ठेवणारा माणूस लागतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ज्यांनी इंटर्नशिप केली आहे, त्यांना माहीत आहे की ड्रॉइंग मिळणं वेगळं आणि रोज हजार पीस त्या ड्रॉइंगप्रमाणे पास होणं वेगळं. पार्ट बनवणाऱ्या लहान कारखान्यांची साखळीही याच काळात उभी राहत गेली, कारण सगळं एका छताखाली बनवणं परवडणारं नव्हतं.

1961 मध्ये टेल्कोचा ट्रक पहिल्यांदा परदेशात गेला, सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला. 1969 मध्ये करार संपला तेव्हा बहुतेक सगळा ट्रक इथंच बनत होता. नाकावरचा तारा गेला आणि 'टाटा' आलं. परदेशी पार्टनर निघून गेल्यावर बंद पडलेल्या किंवा नवा पार्टनर शोधत बसलेल्या कंपन्यांची यादी मोठी आहे. इथं तसं झालं नाही, कारण तयारी 1969 मध्ये सुरू झाली नव्हती.

ती आधीच पुण्यात सुरू झाली होती. 1966 मध्ये पिंपरी-चिंचवडला टेल्कोचा नवा कारखाना आणि इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर उभं राहायला लागलं. आता तुम्ही म्हणाल, कारखाना काढला म्हणजे ट्रक काढले. तसं नाही. पुण्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते 1977 मध्ये. मधल्या दहा-अकरा वर्षांत काय चाललं होतं? अॅप्रेंटिस पोरांना शिकवणं, मशिन टूल बनवणं, डाय आणि प्रेस टूल बनवणं. म्हणजे ट्रक बनवणारी यंत्रं आणि ती यंत्रं चालवणारी माणसं आधी, ट्रक नंतर. आजच्या एखाद्या स्टार्टअपनं गुंतवणूकदाराला सांगून बघावं, की पहिली दहा वर्षं आम्ही फक्त अवजारं बनवणार आणि पोरांना शिकवणार. दारातूनच परत पाठवतील. मूळगावकरांना हे करता आलं, याचं थोडं श्रेय टाटांच्या संयमाला आणि बरंच स्पर्धा नसलेल्या त्या काळाला जातं. लायसन्स राज होतं, ट्रकला नंबर लावून वाट बघावी लागायची. अशा बाजारात खराब माल बनवूनही धंदा चालला असता. चांगला बनवायची सक्ती बाहेरून नव्हती, ती त्यांनी आतून केली, आणि त्यांच्या बाजूनं बोलायचं तर हीच गोष्ट मला सगळ्यात वजनदार वाटते.

पुण्याचा माळ त्यांनी नुसता कारखान्यानं भरला नाही. ओसाड जमिनीवर हजारो झाडं लावली, तळं केलं, तिथं पक्षी यायला लागले. ते तळं आज सुमंत सरोवर या नावानं ओळखलं जातं.

आता ड्रायव्हरकडे येऊ. मूळगावकरांबद्दल व्हॉट्सअॅपवर एक गोष्ट फिरते, तुमच्याही ग्रुपवर आली असेल. कंपनीतले बडे अधिकारी एकत्र जेवायचे, पण मूळगावकर जेवणाच्या सुट्टीत गाडी घेऊन गायब व्हायचे. लोकांना वाटायचं की डीलर त्यांना पंचतारांकित हॉटेलात नेतात. एकदा काहीजण मागावर गेले तर साहेब हायवेच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवत बसलेले, टाटा ट्रकमध्ये काय खटकतं ते विचारत. दंतकथा म्हणूनच घ्या. पण दंतकथासुद्धा कुणाबद्दल कोणती तयार होते याला अर्थ असतो. मोठ्या मालकांबद्दल सहसा साधेपणाच्या नाहीतर दानाच्या गोष्टी तयार होतात. यांच्याबद्दल तयार झाली ती तक्रारी ऐकण्याची.

आणि त्या तक्रारींचा परिणाम ट्रकमध्ये दिसतो. जर्मन ट्रक जर्मन रस्त्यासाठी होता. इथं पासिंगच्या दीडपट-दुप्पट माल भरला जाणार, रस्ता खड्ड्यांचा, दुरुस्ती झाडाखाली, आणि मेकॅनिक म्हणजे शाळा सोडून पान्यांशी खेळत मोठा झालेला पोरगा. त्यामुळे ट्रक असा हवा की जो ओव्हरलोड सहन करेल, कमी रेसवर ओढेल, गिअर चुकला तरी लगेच गिअरबॉक्स बाहेर काढावा लागणार नाही, आणि पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळेल. टाटा ट्रकचं जे नाव झालं ते याच गुणांवर. गळपाच्या हंगामात आपल्याकडं ऊस भरून जे जुने ट्रक कारखान्याच्या गेटवर रात्रभर उभे असतात, त्यातले किती तीस वर्षं जुने आहेत ते एकदा बघा.

पण इथंच माझी तक्रारही आहे. इंजिन ऐकलं, गिअर ऐकला, मग ड्रायव्हरची सीट का नाही ऐकली? कित्येक वर्षं भारतात ट्रक विकला जायचा तो चेसिस आणि पुढचं इंजिनाचं तोंड एवढाच. केबिन नाही, दार नाही. कारखान्यातून डीलरपर्यंत ही उघडी चेसिस ड्रायव्हर हजारो किलोमीटर चालवत आणायचा, डोक्याला फडकं गुंडाळून, ऊन-पाऊस अंगावर घेत. मग गावातला बॉडी बिल्डर लाकूड आणि पत्र्याची केबिन बांधायचा. आपल्याकडं ही कला एक नंबरची आहे, रंगकाम बघत राहावं असं. पण शेजारी तापलेलं इंजिन, कडक क्लच आणि फळीसारखी सीट घेऊन तो माणूस दिवसाला शेकडो वेळा गिअर बदलायचा. ऑटोमॅटिक ट्रकमध्ये जे काम तेल करतं ते इथं डावा पाय आणि डावा खांदा करत होता. याला एकट्या टेल्कोला किंवा एकट्या मूळगावकरांना जबाबदार धरणं बरोबर होणार नाही. मालकाला स्वस्त ट्रक हवा होता, सगळ्या कंपन्या तेच करत होत्या, सरकारचा नियमही नव्हता. तरीही ढाब्यावर बसून ऐकणारा माणूस म्हणून ज्यांची ओळख सांगितली जाते, त्यांच्या काळात ही गोष्ट तशीच राहिली, हे सांगायला हवं.

दुसरी एक गोष्ट मुलींसाठी. 1974 मध्ये बंगळूरच्या इन्स्टिट्यूटमध्ये एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात पाहिली. हुशार इंजिनिअर पाहिजेत, आणि खाली सूचना, की महिलांनी अर्ज करू नये. तिनं थेट जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं. पुण्याला मुलाखतीला बोलावणं आलं आणि टेल्कोला पहिली महिला इंजिनिअर मिळाली. तिचं तेव्हाचं नाव सुधा कुलकर्णी, आजचं सुधा मूर्ती. ही गोष्ट आपण नेहमी पोस्टकार्डाची आणि जेआरडींच्या मोठेपणाची म्हणून ऐकतो. पण ती जाहिरात ज्या कंपनीची होती त्या कंपनीचा कारभार मूळगावकर बघत होते. दहा वर्षं माणसं घडवण्यात घालवणाऱ्या कारखान्याच्या डोक्यात 'माणसं' म्हणजे फक्त पोरं होती. खरं तर त्यांच्या घरातच वेगळं उदाहरण होतं. पत्नी लीला मूळगावकर यांनी आपल्याकडं ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी करण्यात मोठा वाटा उचलला, त्यांना 1963 मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. कॉलेजमध्ये एनएसएसचं रक्तदान शिबिर लागतं, तेव्हा नवऱ्यापेक्षा बायकोचं काम आपल्याला जवळचं आहे.

ऐंशीच्या दशकात लायसन्स राज थोडं सैल झालं आणि मूळगावकरांची खरी परीक्षा सुरू झाली. सरकारनं हलक्या ट्रकच्या बाजारात जपानी भागीदारीला परवानगी दिली. एकदम चार जोड्या आल्या, डीसीएम-टोयोटा, आल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी आणि स्वराज-माझदा. गाड्या देखण्या, हलक्या, चालवायला कारसारख्या. टेल्कोकडं त्या आकाराचं काही नव्हतं आणि कुणी पार्टनरही घेतला नाही. पुण्याच्या टीमनं स्वतःच डिझाईन केलं आणि 1986 मध्ये टाटा 407 आणली. या वेळी दारांसकट कारखान्यातली पत्र्याची केबिन होती. मूळगावकर तेव्हा ऐंशी वर्षांचे होते आणि अध्यक्ष होते.

407 जिंकली, याची कारणं दोन बाजूंनी बघावी लागतात. एक, जपानी चलन येन त्याच सुमारास जोरात वधारला. ज्यांचे पार्ट जपानहून यायचे त्यांच्या गाड्या महागल्या. हे नशीब म्हणा. पण नशिबाचा फायदा त्यालाच झाला ज्याचे पार्ट इथं बनत होते, आणि ते बनत होते कारण 1954 पासून एकेक करून ते इथं आणले होते. दुसरं म्हणजे 407 आपल्या लोकांच्या सवयी ओळखून होती. माल जास्त भरणार, हे धरूनच बांधलेली. भाजीपाला, गूळ, दुधाचे कॅन, लग्नाचं वऱ्हाड, गणपतीची मिरवणूक, सगळ्याला तीच. पुढे टोयोटा त्या भागीदारीतून बाहेर पडली, आल्विन-निस्सान महिंद्रात गेली. 407 आजही शाहू मार्केट यार्डात सकाळी जाऊन उभं राहिलात तर दिसेल.

1988 मध्ये मूळगावकरांनी अध्यक्षपद सोडलं आणि रतन टाटा आले. पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये ते गेले. 1990 मध्ये मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झालं.

आज नव्या ट्रकमध्ये एएमटी आलंय. गिअरबॉक्स आपला साधाच, पण क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटर करतो. चढ किती आहे, माल किती आहे, आरपीएम किती आहे हे सेन्सरवरून कळतं आणि गिअर कधी पाडायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. केबल नाही, स्क्रू नाही. सेटिंग बदलायचं तर लॅपटॉप जोडावा लागतो. झाडाखालच्या मेकॅनिकची यात पंचाईत झाली आहे. ड्रायव्हरच्या डाव्या पायाला मात्र पहिल्यांदाच सुट्टी मिळाली आहे.

सुमोचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. साध्या पाच गिअरची, डिझेलची गाडी होती ती. वडापला अजून काही पळतात.